हलकी हवी, पण मोडता कामा नये

१९३४ साली ग्रां प्री शर्यतींचे नियम करणाऱ्यांना गाड्यांच्या वाढत्या वेगाची धास्ती वाटू लागली होती. उपाय म्हणून त्यांनी वजनाला हात घातला. इंधन, पाणी, टायर आणि चालक सोडून गाडी ७५० किलोंपेक्षा जड असता कामा नये, असे ठरले. हिशेब सरळ होता. मोठे इंजिन म्हणजे जड इंजिन. वजन बांधून टाकले की इंजिने लहान होतील आणि वेग आपसूक उतरेल. घडले ते नेमके उलटे. मर्सिडीज-बेन्झ आणि आउटो युनियन या जर्मन कंपन्यांनी हलके मिश्रधातू वापरून सांगाड्याचे वजन इतके उतरवले, की उरलेल्या किलोंमध्ये त्यांना आणखी मोठे इंजिन बसवता आले. १९३७ च्या मर्सिडीज डब्ल्यू १२५ चे इंजिन साडेपाच लिटरांहून मोठे होते आणि त्याची ताकद ६०० अश्वशक्तीच्या घरात गेली होती.

त्याच काळातली एक कथा आजही सांगितली जाते. न्यूर्बुर्गरिंगला शर्यतीच्या आदल्या दिवशी मर्सिडीज काट्यावर एक किलो जास्त भरली, तेव्हा व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअरने रात्रीतून तिचा पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचे चंदेरी अ‍ॅल्युमिनियम उघडे पडले, अशी ती कथा. ती शर्यत ७५० किलोंच्या नियमाखाली झालीच नव्हती, असे अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. तरीही कथा टिकली, कारण शर्यतीच्या धंद्यातल्या कोणालाही ती अशक्य वाटत नाही.

हलकी गाडी लवकर वेग घेते, उशिरा ब्रेक दाबला तरी थांबते, वळणावर टायरांना कमी झिजवते. आजच्या फॉर्म्युला वनमध्ये १० किलो जादा वजन म्हणजे फेरीमागे साधारण ०.३ सेकंदाचा तोटा, असा ढोबळ हिशेब धरतात. ६० फेऱ्यांच्या शर्यतीत तो १८ सेकंदांवर जातो, आणि पहिला व पाचवा यांच्यात पुष्कळदा तेवढेच अंतर असते. इंजिन, चाके, पेट्रोल तर लागतातच. मग वजन काढायचे कुठून? उरतो तो सांगाडा, आणि सांगाड्यात बसलेला माणूस. ही काटकसर त्या माणसाच्या वाट्यातून करायची की नाही, या प्रश्नाने शर्यतीच्या गाड्यांचा गेल्या सहा-सात दशकांचा इतिहास घडवला आहे. उत्तर मिळायला फार माणसे मरावी लागली.

या इतिहासात सगळ्यात आधी नाव येते कॉलिन चॅपमनचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याने इमारती-पुलांच्या रचनेचे अभियांत्रिकी शिकले होते. भार कुठून कुठे वाहतो आणि कोणता तुकडा फुकटचा बसून आहे, हे ओळखण्याची त्याची नजर विलक्षण होती. एक भाग दोन कामे करू शकत असेल तर दुसरा भाग काढून टाकायचा, अशी त्याच्या लोटस कंपनीची रीत. यातून सुंदर गाड्या जन्मल्या आणि त्यांतल्या काही भयंकर ठरल्या. १९६० च्या जूनमध्ये बेल्जियममधल्या स्पा इथे सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटस १८ चे मागचे चाक निखळले आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी दुसऱ्या एका लोटस १८ च्या स्टीअरिंगच्या दांड्याचे वेल्डिंग तुटले आणि माइक टेलरची कारकीर्द संपली. टेलरने लोटसला कोर्टात खेचले. दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि अ‍ॅलन स्टेसी हे दोन तरुण चालक मारले गेले. त्यांच्या मृत्यूची कारणे वेगळी होती. पण एका मुक्कामी एवढे रक्त सांडल्यावरही शर्यती तशाच चालू राहिल्या, यावरून तो काळ कळतो.

१९६१ पासून नियमपुस्तकात उलट्या बाजूची मर्यादा आली. गाडी ४५० किलोंपेक्षा हलकी नको. गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी डोक्यामागची कमान आणि ब्रेकची दुहेरी यंत्रणा हेही सक्तीचे झाले. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्यांना जड गाडीची भीती होती, त्यांच्या वारसांना आता हलक्या गाडीची भीती वाटत होती. ब्रिटिश संघांनी त्या नव्या नियमावलीला कडाडून विरोध केला, कारण कमी वजन ही त्यांची खासियत होती.

चॅपमनचे उत्तर १९६२ च्या मे महिन्यात नेदरलँड्समधल्या झांडव्होर्टला अवतरले. त्याचे नाव लोटस २५. तोवर शर्यतीची गाडी म्हणजे पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर चढवलेला पत्र्याचा अंगरखा. चॅपमनने पिंजराच काढून टाकला आणि पत्र्यालाच सांगाडा केला. चालकाच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या लांब पेट्या, त्या आडव्या भिंतींनी जोडलेल्या, आणि पेट्यांच्या आत रबरी पिशव्यांत पेट्रोल. तेलाचा रिकामा चौकोनी डबा पातळ पत्र्याचा असूनही त्यावर माणूस बसू शकतो, तेच हे तत्त्व. विमानांत ते जुने होते. फॉर्म्युला वनमध्ये त्याने क्रांती केली. नळ्यांच्या लोटस २४ च्या तुलनेत नव्या सांगाड्याचे वजन निम्म्याच्या आसपास आणि पीळ सहन करण्याची ताकद सुमारे तिप्पट होती. लोटस २४ नुकतीच विकत घेतलेल्या खासगी संघांचा संताप झाला, आणि तो रास्त होता. जिम क्लार्कने याच गाडीतून १९६३ सालच्या दहापैकी सात शर्यती जिंकल्या.

ही गाडी आधीच्या पिंजऱ्यापेक्षा एका अर्थी सुरक्षितच होती, कारण ती जास्त कणखर होती. पण चालक आता अक्षरशः पेट्रोलच्या दोन टाक्यांमध्ये आडवा झोपला होता, आणि त्या टाक्यांवर पातळ पत्र्याशिवाय काही नव्हते. १९६६ पासून तीन लिटरांची इंजिने आली, पेट्रोल वाढले, वेग वाढला. पत्रा मात्र पातळच राहिला. १९६७ मध्ये मोनॅकोत लोरेंझो बांदिनी पेटलेल्या फेरारीखाली अडकला आणि तीन दिवसांनी वारला. १९६८ च्या जुलैत फ्रान्समधल्या रूआँ इथे होंडाने मॅग्नेशियमच्या पत्र्याची गाडी उतरवली. मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमच्या दोन-तृतीयांश वजनाचे, म्हणून अभियंत्यांना मोह पडतो. पण पेटले की ते झगझगीत पांढरे जळते आणि पाणी मारले तर आणखी भडकते. होंडाचा मुख्य चालक जॉन सर्टीझने ती गाडी चालवून पाहिली होती आणि ती शर्यतीत न्यायला नकार दिला होता. तरीही ती उतरली, तिच्यात बसला झो श्लेसेर, आणि तिसऱ्या फेरीत ओल्या रस्त्यावरून घसरून त्या गाडीसह जळून गेला. ज्याला गाडी कळत होती त्याने धोका सांगितला होता, आणि तो कोणी ऐकला नाही. या इतिहासात हे पुन्हा घडणार होते.

१९६९ साली ऑस्ट्रियाचा योखेन रिंट लोटसमध्ये आला. त्या काळात गाड्यांवर उंच खांबांवर बसवलेले पंख आले होते. हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटावी म्हणून लावलेले हे पंख काडीसारख्या बारीक आधारांवर उभे असत, कारण आधार जाड केला की उंचावरचे वजन वाढे. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनातल्या मोंज्युइक टेकडीवर लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख एकाच चढावर, काही फेऱ्यांच्या अंतराने मोडले. ग्रॅहम हिल वाचला. थोड्या वेळाने रिंटची गाडी हिलच्या पडलेल्या गाडीवर जाऊन आदळली. रिंटचा जबडा मोडला. दोन आठवड्यांनी मोनॅकोत उंच पंखांवर बंदी आली.

पण त्याआधी, ९ मे रोजी, रिंटने चॅपमनला एक पत्र लिहिले. शर्यतीच्या इतिहासातला हा एक अत्यंत वेदनादायक कागद आहे. त्यात आरडाओरडा नाही. लोटसमध्ये येईपर्यंत गाडी मोडून आपण फारसे कधी संकटात सापडलो नव्हतो आणि इथे आल्यापासून चित्र पालटले आहे, असे तो मोजून-मापून सांगतो. मग मुद्द्यावर येतो: तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की सगळ्यात कमजोर भाग बळकट करण्यासाठी थोडेसे वजन वाढले तरी आपण जिंकण्याच्या स्पर्धेत राहू. विश्वास वाटेल अशीच गाडी मी चालवू शकतो, आणि तो विश्वास संपण्याची वेळ आता जवळ आली आहे, असेही तो बजावतो. मागणी थोड्याच वजनाची होती. ती एखाद्या भित्र्या माणसाने केली नव्हती; त्या काळच्या सर्वांत वेगवान चालकांपैकी एकाने, संघाच्या हिताचा पूर्ण हिशेब मांडून केली होती.

१९७० मध्ये चॅपमनने लोटस ७२ आणली. पाचरीच्या आकाराची ही गाडी पुढच्या पन्नास वर्षांच्या शर्यतीच्या गाड्यांची आजी म्हणता येईल. तिच्यात पुढचे ब्रेक चाकांत न ठेवता गाडीच्या पोटात घेतले होते. चाकाबरोबर वरखाली उसळणारे वजन जितके कमी, तितका टायर रस्त्याला नीट धरून राहतो, म्हणून ही योजना. ब्रेक पोटात, चाक बाहेर, आणि दोघांना जोडणारा एक दांडा. ब्रेकचा सगळा पीळ तो दांडा सोसणार. रिंटने त्या मोसमात पाच शर्यती जिंकल्या. त्यांतली एक, झांडव्होर्टची, त्याला कधीच साजरी करता आली नाही. त्या दिवशी त्याचा मित्र पिअर्स करेज फ्रँक विल्यम्सने उतरवलेल्या दे तोमासो गाडीत जळून मेला. त्या गाडीतही मॅग्नेशियम सढळ वापरले होते, आणि आग अशी भडकली की जवळची झाडे पेटली.

ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात लोटसचाच दुसरा चालक जॉन माइल्स याच्या ७२ चा पुढचा ब्रेकचा दांडा तुटला. माइल्स सुखरूप राहिला. तीन आठवड्यांनी मोंझाला, इटलीतल्या त्या सरळसोट वेगवान मार्गावर, चॅपमनने गाड्यांचे पंख काढायला लावले. पंख नसले तर हवेचा अडथळा कमी होतो आणि सरळ रस्त्यावर वेग वाढतो. माइल्सला ती गाडी अस्थिर वाटली आणि त्याने तसे सांगितलेही. ५ सप्टेंबर १९७०, शनिवार. सरावात पॅराबोलिका वळणाच्या आधी ब्रेक लावताना रिंटची गाडी अचानक डावीकडे ओढली गेली आणि कठड्यावर आदळली. कठडा नीट बसवलेला नव्हता. गाडीचे नाक त्याच्या खाली घुसले आणि आधाराच्या खांबावर बसले. आग लागली तर चटकन बाहेर पडता यावे म्हणून रिंट पायांमधले पट्टे बांधत नसे. धडकेत त्याचे शरीर पट्ट्यांखालून पुढे सरकले आणि कमरेच्या पट्ट्याने त्याचा गळा कापला गेला. ज्या आगीला तो घाबरत होता ती लागलीच नाही.

ब्रेकचा उजवा दांडा तुटल्याने गाडी फिरली, असे इटालियन चौकशीत मानले गेले. मृत्यूला मात्र कठड्याची चुकीची बांधणी कारणीभूत धरली गेली. चॅपमनवर इटलीत खटला चालला आणि १९७६ मध्ये तो निर्दोष सुटला. कायद्याने जे ठरवायचे ते ठरवले. तरी पत्रातली मागणी आणि मोंझातला तुटलेला दांडा यांच्यामध्ये अवघे सोळा महिने होते, हे कोणत्याही निकालाने पुसले जात नाही. उरलेल्या शर्यतींत कोणालाच रिंटच्या गुणांपर्यंत पोहोचता आले नाही आणि तो फॉर्म्युला वनचा मरणोत्तर जगज्जेता ठरला. असा तो आजवर एकटाच आहे.

१९७० च्या दशकात नियम करणाऱ्यांनी एक शहाणपणाची वाट धरली, तिचे महत्त्व पुरेसे ओळखले जात नाही. पेट्रोलसाठी विमानांसारख्या न फाटणाऱ्या पिशव्या सक्तीच्या झाल्या, सहा पट्ट्यांचे बंधन आले, आणि १९७३ पासून टाक्यांभोवती धडक पचवणारे, चेपणारे आवरण हवे असे ठरले. या प्रत्येक गोष्टीला वजन लागते. ते वजन एकट्याने वाहायला कोणी तयार होणार नाही, हे ओळखून किमान वजनच वाढवत नेले: १९७० मध्ये ५३० किलो, १९७२ मध्ये ५५०, १९७३ मध्ये ५७५. जे वजन सगळ्यांनाच वाहायचे आहे ते सुरक्षेसाठी वापरण्यात कोणाचा तोटा नाही. रिंटने एका माणसाच्या विवेकाकडे जे मागितले होते, ते आता काटा मागू लागला. तरीही १९७३ मध्येच झांडव्होर्टला रॉजर विल्यमसन उलटलेल्या, पेटलेल्या गाडीखाली अडकला. डेव्हिड पर्ली आपली गाडी सोडून धावला, एकट्याने ती उलथवायला धडपडत राहिला. मार्गावरच्या कर्मचाऱ्यांकडे आगरोधक कपडेही नव्हते. विल्यमसन वाचला नाही.

खरा पेच साहित्याचा होता. अ‍ॅल्युमिनियम पातळ केले की कमजोर होते, जाड केले की जड. कार्बन फायबरने हे गणित मोडले. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या सरकारी विमान-संशोधन संस्थेने १९६० च्या दशकात हे मजबूत तंतू विकसित केले होते. शर्यतीच्या गाड्यांत त्याचे सुरुवातीचे अनुभव चांगले नव्हते. १९७५ मध्ये पुन्हा त्याच मोंज्युइकवर रोल्फ श्टोमेलन चालवत असलेल्या हिल संघाच्या गाडीचा मागचा पंख उडाला. त्याचा आधार कार्बन फायबरचा होता. गाडी कठड्यापलीकडे गेली आणि तिथे उभे असलेले लोक मेले. त्यामुळे १९८० मध्ये मॅक्लारेनच्या जॉन बर्नार्डने सबंध सांगाडाच कार्बन फायबरचा करायचे ठरवले, तेव्हा अनेकांनी मान हलवली. धडक बसली तर या गाडीची भुकटी होईल, असे बोलले जात होते.

बर्नार्डचा मूळ हेतू सुरक्षा हा नव्हता, हे नोंदवले पाहिजे. त्या काळी गाडीच्या दोन्ही बगलांखालून वाहणाऱ्या हवेने ती रस्त्याकडे शोषली जाई. बगला रुंद हव्या तर मधला सांगाडा अरुंद हवा. आणि अ‍ॅल्युमिनियमचा अरुंद सांगाडा पिळला जातो. कार्बन फायबरने अरुंद, हलका आणि तरीही ताठ सांगाडा मिळणार होता. ब्रिटनमध्ये हे काम अंगावर घ्यायला कोणी मिळेना. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीजवळ हर्क्युलिस ही कंपनी क्षेपणास्त्रांसाठी असले भाग बनवत होती; मॅक्लारेनचा अभियंता स्टीव्ह निकोल्स पूर्वी तिथेच नोकरीला होता. त्या ओळखीतून काम सुटले. राळेत भिजवलेले कार्बनचे कापड साच्यावर थरावर थर घालून बसवायचे, प्रत्येक थरातल्या तंतूंची दिशा भाराप्रमाणे ठरवायची, आणि मग दाबाच्या भट्टीत भाजायचे. यातून एमपी ४/१ तयार झाली. १९८१ च्या जुलैत सिल्व्हरस्टोनला जॉन वॉटसनने तिच्यातून शर्यत जिंकली.

टीकाकारांना उत्तर मात्र त्या विजयाने मिळाले नाही. ते मिळाले १३ सप्टेंबर १९८१ रोजी, मोंझाला. लेस्मो वळणावर वॉटसनची गाडी घसरली आणि मागच्या बाजूने कठड्यावर इतक्या जोराने आदळली की इंजिन आणि गिअरबॉक्स तुटून रस्त्यावर पडले. गाडीचे दोन तुकडे झाले. पुढच्या तुकड्यात बसलेला वॉटसन स्वतःच्या पायांनी उतरून चालत निघाला. ज्या मार्गाने रिंटला नेले, त्याच मार्गावर अकरा वर्षांनी हलकेपणा आणि मजबुती प्रथमच एका बाजूला उभी राहिलेली दिसली. काही वर्षांत सगळ्या संघांनी कार्बनचा रस्ता धरला.

सगळे एका रात्रीत शहाणे झाले, असे मात्र नाही. १९८२ मध्ये किमान वजन ५८० किलो होते. फेरारी आणि रेनॉल्टकडे टर्बो इंजिनांची ताकद होती. कॉसवर्थ इंजिन वापरणाऱ्या ब्रिटिश संघांकडे ती नव्हती, पण त्यांच्या गाड्या किमान वजनाच्या खाली जाऊ शकत होत्या. शर्यतीनंतर वजन करण्याआधी पाणी-तेल पुन्हा भरायला नियमाची परवानगी होती. ब्राभॅम आणि विल्यम्सने गाड्यांत पाण्याच्या टाक्या बसवल्या आणि हे पाणी ब्रेक थंड करण्यासाठी आहे असे जाहीर केले. पहिल्या काही फेऱ्यांत ते पाणी सांडून जाई, गाडी उरलेली शर्यत हलकी पळे, आणि शेवटी टाकी भरून काट्यावर चढे. ब्राझीलमध्ये नेल्सन पिके पहिला आणि केके रोझबर्ग दुसरा आला; दोघांनाही नंतर बाद केले गेले. निषेध म्हणून बहुतेक ब्रिटिश संघांनी इमोलाच्या शर्यतीवर बहिष्कार टाकला आणि ती अवघ्या १४ गाड्यांत उरकली. १९८४ मध्ये केन टिरेलच्या संघावर आरोप झाला तो याहून धाडसी होता: शर्यतीच्या शेवटी पिटमध्ये येऊन पाण्याच्या टाकीत शिशाचे छर्रे मिसळलेले पाणी भरायचे आणि वजन पुरे करायचे. डेट्रॉइटला मार्टिन ब्रंडल दुसरा आल्यानंतर केलेल्या तपासणीत ते छर्रे सापडले. टिरेलने आरोप नाकारले. तरीही संघाचे सबंध वर्षाचे गुण काढून घेतले गेले.

या क्लृप्त्या चालू असताना चालकांचे पाय मोडत होते. बगलांखालच्या हवेसाठी चालकाला इतके पुढे सरकवले होते की त्याची पावले पुढच्या चाकांच्याही पुढे, नाकाच्या पातळ टोकात असत. १९८२ च्या ऑगस्टमध्ये हॉकेनहाइमला दिदिए पिरोनीच्या पायांचा चुराडा झाला. तो पुन्हा कधी फॉर्म्युला वनमध्ये उतरला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात त्याचा सहकारी जिल व्हिलनव झोल्डरला गाडीतून फेकला जाऊन मेला होता. अखेर १९८५ पासून गाडीच्या नाकाची धडक-चाचणी सक्तीची झाली आणि १९८८ पासून चालकाची पावले पुढच्या चाकांच्या आसाच्या मागेच हवीत असा नियम आला.

या चाचणीने जे बदलले ते नुसत्या किमान वजनाने बदलले नसते. वजन किती हवे हे काटा सांगतो; ते कुठे हवे, हे सांगत नाही. चाचणीत नाक एका ठरावीक वेगाने भिंतीवर आदळवतात. ते क्रमाक्रमाने चुरडत जाऊन धडक पचवावी लागते आणि मागच्या कवचाला तडाही जाता कामा नये. कार्बन फायबर इथे फार उपयोगी ठरले. ते वाकत नाही, बारीक-बारीक तुकड्यांत फुटते, आणि फुटताना प्रचंड ऊर्जा खाते. भुकटी होईल अशी जी भीती होती, तीच भुकटी योग्य जागी व्हावी अशी रचना करता आली. अभियंत्याला आता पातळपणात बक्षीस नव्हते. कमी ग्रॅममध्ये चाचणी पार करण्यात होते. वाचवलेले किलो टंगस्टनच्या विटांच्या रूपाने गाडीच्या तळाशी ठेवता येत आणि गाडीचा भार खाली खेचला जाई. अशा रीतीने मजबूत भाग हलका करणे हे वेगाचेच काम झाले.

१९९४ च्या इमोलाने तरीही सगळ्यांना हादरवले. ३० एप्रिलला रोलान्ट रात्झेनबर्गर आणि १ मे रोजी आयर्टन सेना मारला गेला. बारा वर्षांत शर्यतींच्या मुक्कामी कोणी मेले नव्हते, म्हणून काम संपले असा समज पसरला होता. सेनाचे कवच टिकले होते. सस्पेन्शनचा तुकडा हेल्मेटवर आला. डोके उघडे होते. प्रोफेसर सिड वॉटकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली गेली. पुढच्या वर्षी बाजूच्या धडकेची चाचणी आली, १९९६ पासून डोक्याच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि फोमची गादी आली, मग चाके उडू नयेत म्हणून दोर आले. २००७ मध्ये कॅनडात रॉबर्ट कुबित्साची गाडी कठड्यावर आदळून चिंध्या झाली. तो एक शर्यत चुकवून परतला.

डोक्यावरची शेवटची मोकळी जागा झाकायला मात्र २०१८ उजाडले. ज्यूल बिआंकीच्या २०१४ मधल्या सुझुकातल्या अपघातानंतर, जो पुढच्या वर्षी जीवघेणा ठरला, टायटॅनियमच्या तीन पायांच्या कमानीचा विचार पक्का झाला. हॅलो नावाच्या या कमानीचे वजन सुमारे सात किलो, त्याच्या जोडण्यांचे वेगळे, आणि ती गाडीच्या सगळ्यात वरच्या भागात बसते, जिथे कोणत्याही अभियंत्याला एक ग्रॅमही नको असतो. मर्सिडीजचा प्रमुख टोटो वोल्फ जाहीरपणे म्हणाला होता की करवत मिळाली तर तो ती कापून टाकेल. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनला रोमाँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसली, कठडा फाटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. हॅलोने कठड्याची पट्टी बाजूला सारली नसती तर ती थेट डोक्यावर आली असती. सुमारे २८ सेकंद ज्वाळांत राहून ग्रोजाँ बाहेर आला, भाजलेल्या हातांनिशी. १९७० च्या दशकात या बातमीचा शेवट वेगळा झाला असता.

गाडीतून काढण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा मोह माणसाच्या शरीराकडे वळला. १९९५ पासून किमान वजनात चालकही धरला जाई. २०१४ मध्ये हायब्रिड इंजिने आणि बॅटऱ्या आल्या, किमान वजन जवळजवळ ५० किलोंनी वाढवले तरी पुरेना, आणि उंच चालकांवर उपासमारीची पाळी आली. झाँ-एरिक व्हेर्न्यने वजन उतरवण्याच्या नादात आपल्याला रुग्णालयात जावे लागल्याचे सांगितले. चालकाची हाडे-स्नायू हे गाडीचे जादा वजन समजणे ही रिंटच्या काळातलीच वृत्ती नव्या कपड्यांत आली होती, आणि ती थांबवायला पाच मोसम का लागावेत हे कळत नाही. २०१९ मध्ये चालक, त्याची बैठक आणि भरीचे वजन मिळून ८० किलो वेगळे धरायला सुरुवात झाली. हलका चालक असला तर उरलेले वजन त्याच्या बैठकीपाशीच ठेवावे लागते.

२०११ मध्ये ग्रेटर नॉयडाला पहिली इंडियन ग्रां प्री झाली, तेव्हा चालकासह किमान वजन ६४० किलो होते. २०२२ मध्ये ते ७९८ वर गेले होते. मोठी चाके, बॅटऱ्या, आणखी कडक चाचण्या, असे सगळे त्यात आले. आणि तरी बहुतेक संघांना गाडी त्या आकड्यापर्यंत उतरवता येईना. मग त्यांनी रंग काढला. गाड्यांचे मोठे भाग उघड्या काळ्या कार्बनचे ठेवून थोडे वजन वाचवले गेले. २०२४ च्या जुलैत स्पाला जॉर्ज रसेल सर्वांत पुढे आला. तपासणीत गाडीतले उरलेले २.८ लिटर पेट्रोल काढले आणि काटा ७९६.५ किलो दाखवू लागला. दीड किलो कमी. एकदाच टायर बदलून तो ते इतके झिजेपर्यंत धावला होता की वजनाचा मेळ चुकला, असा अंदाज होता. विजय लुइस हॅमिल्टनला दिला गेला.

२०२६ च्या नियमांनी अनेक वर्षांनंतर दिशा फिरवली. गाडी आखूड आणि अरुंद झाली, किमान वजन ७६८ किलोंवर आणले. त्याच नियमावलीत डोक्यामागच्या कमानीने सोसायचा भार गुरुत्वाकर्षणाच्या १६ पटींवरून २० पटींवर नेला, आणि पहिल्या धडकेत नाक तुटून गेले तरी दुसरी धडक पचवण्याची क्षमता उरावी म्हणून नाकाची रचना दोन टप्प्यांची केली. संघांना सुमारे ३० किलो काढायचे होते आणि हे सगळे घालायचेही होते.